बॅटरीवरची काट

मरोळ गावठाणातील आमचे वडिलोपार्जित घर पुनर्बांधणीसाठी रिकामे करावे लागले, तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. ती कोणाची, हे आम्हा भावंडांना विचारावे लागले नाही. झाकण उघडताच मेणकापडाचा, बंदुकीच्या तेलाचा आणि जुन्या चामड्याचा जो संमिश्र वास आला, तो आमच्या बालपणी आजोबांच्या खोलीला येत असे. आत काडतुसांचा रिकामा पट्टा होता, घडी घातलेली ताडपत्री होती, चामडी म्यानातला सुरा, नळी साफ करण्याचा गज, वीस हात दोराचे वेटोळे आणि पाच सेलांची एक लांबलचक बॅटरी होती. बंदूक अर्थात नव्हती. आजोबांच्या निधनानंतर ती रीतसर पोलिसांकडे जमा झाली होती. ट्रंकेच्या तळाशी, पुठ्ठ्याला वाळवी लागलेली एक वही होती आणि या लेखाचे निमित्त ती वहीच आहे.

वहीत शिकारीची वर्णने असतील अशी आमची अपेक्षा होती. तसे काहीही नव्हते. आजोबा रेल्वेत नोकरीला होते आणि त्यांचा हिशेबीपणा तेथेही सुटला नव्हता. वहीत होत्या त्या केवळ याद्या. दरवर्षी पावसाळा सरल्यापासून राखेच्या बुधवारपर्यंत ते आणि गावठाणातले त्यांचे दोघे सोबती दोन-तीन वेळा मनोरकडच्या रानात जात. शनिवारी पहाटेची गाडी धरून पालघर, तेथून मिळेल त्या लॉरीने मनोर, पुढे पायी. प्रत्येक खेपेआधी आजोबा बरोबर न्यावयाच्या वस्तूंची यादी करीत आणि ट्रंक भरताना एकेका वस्तूपुढे बारीक खूण करीत. १९५८ सालची एक यादी अशी : बाराबोर, काडतुसे एल.जी. सहा, चार नंबर दहा, गज, तेल, चिंध्या, सुरा, कोयता, दोर, ताडपत्री, घोंगडी, पाण्याच्या बाटल्या दोन, बॅटरी, सेल नवे, आयोडीन, पट्ट्या, तांदूळ पाच शेर, सुकट, बाटली मसाला, चहा, गूळ, मीठ दोन शेर, तंबाखू, माणसांसाठी, जपमाळ.

सरकारने मेट्रिक मापे आणली तरी शेर त्यांच्या वहीतून पुढे कितीतरी वर्षे हलले नाहीत. या याद्या वाचताना पहिल्याने गंमत वाटली, मग हळूहळू काहीसे अस्वस्थ वाटू लागले. याद्या एकसारख्या आहेत. काडतुसांचा आकडा तेवढा बदलतो. मात्र १९६१ सालच्या डिसेंबरातल्या यादीत ‘बॅटरी’ हा शब्द लिहून त्यावर आडवी काट मारलेली आहे आणि त्यानंतरच्या एकाही यादीत तो शब्द पुन्हा आलेला नाही. का, ते लिहिलेले नाही.

का, ते आम्हांला आजीकडून ठाऊक होते. फक्त त्या हकिकतीचा या काटेशी संबंध असेल हे ट्रंक उघडेपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

ती हकिकत सांगण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. आजच्या वाचकाला, विशेषतः तरुण वाचकाला, हरणाची शिकार म्हटली की एकदम गुन्हाच आठवतो, आणि तो गुन्हा आहेच. परंतु त्या काळी परवाना काढून, वनखात्याकडून ठरावीक रान ठरावीक दिवसांकरिता मिळवून केलेली शिकार कायद्याला मान्य होती. मुंबई राज्यात १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला होता. त्याने शिकारीवर बंधने घातली, बंदी घातली नाही. पुढे १९७२ साली संपूर्ण देशाकरिता वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही आरंभी परवान्याच्या शिकारीस जागा होती. ती जागा १९९१ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे आजोबा चोर नव्हते, एवढे आधी मान्य करून पुढे जाऊ. कायद्याने चूक नसणे आणि चूक नसणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको.

१९७२ च्या त्या मूळ कायद्यातले सतरावे कलम आम्ही मुद्दाम शोधून वाचले. आता ते कलम कायद्यात उरलेले नाही, शिकारच उरली नाही तर तिचे नियम कशाला उरतील! पण वाचण्यासारखे होते खरे. परवाना असला तरी मोटारीतून वा कोणत्याही वाहनातून शिकार करावयाची नाही. जाळी, खड्डे, विष, स्फोटके वापरावयाची नाहीत. सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत हरणावर बार टाकावयाचा नाही. पाणवठ्यावर किंवा जनावरे मीठ चाटायला येतात त्या जागी दबा धरावयाचा नाही. आणि कृत्रिम प्रकाश वापरावयाचा नाही, अपवाद फक्त मारलेल्या भक्ष्यावर परतणाऱ्या हिंस्र श्वापदाचा, तोही खास परवानगीने. काय बरोबर नेऊ नये याचीच ही सरकारी यादी म्हणावी. हत्यार किती जबर असावे यापेक्षा ते किती जबर नसावे, याची चिंता तिच्यात अधिक आहे.

आता ती हकिकत. १९६४ साली पोप सहावे पॉल मुंबईत आले, त्याच्या तीन वर्षे आधीची ही गोष्ट. शनिवारी रात्री ओढ्याकाठी आजोबांच्या सोबत्याने बॅटरी धरली. पलीकडच्या करवंदीच्या जाळीत दोन डोळे चमकले, ते हिरवट दिसले, जमिनीपासूनची उंची हरणाची वाटली. आजोबांनी बार टाकला. जनावर कोसळले नाही, उडी मारून अंधारात गेले. रक्त पडलेले दिसले. रात्री जखमी जनावरामागे जाऊ नये असा शिकाऱ्यांचा दंडक आहे, म्हणून ते पहाटेपर्यंत बसून राहिले. रविवार उजाडला. पालघरला परतणारी लॉरी पहाटेची होती. ती पकडली असती तर रविवारची मिस्सा मिळाली असती. सोबती म्हणाले, चला. आजोबा गेले नाहीत. दोघे सोबती परतले, आजोबा एका वारली माणसाला घेऊन रक्ताचा माग काढत निघाले. दुपार टळल्यावर एका नाळीत सांबराची मादी सापडली. पुढचा एक पाय मोडला होता, ती जिवंत होती. आजोबांनी दुसरे काडतूस घातले. फाडल्यावर पोटात पाडस निघाले.

मांस त्यांनी त्या माणसाला देऊन टाकले आणि रिकाम्या हातांनी ते सोमवारी घरी आले. ही गोष्ट आजी सांगत असे, पण तिच्या सांगण्यात भर मुळी हरणावर नसे, मिस्सेवर असे. रविवारची मिस्सा जाणूनबुजून चुकविणे हे महापाप, हे तिच्या पिढीला पाठ होते. पुढच्या शनिवारी आजोबा कुमसाराला गेले. मिस्सा चुकल्याचे त्यांनी सांगितले. धर्मगुरूंनी कारण विचारले, शिकारीला गेलो होतो असे ते म्हणाले, त्याबद्दल त्यांना बोलणी बसली आणि जपमाळेचे प्रायश्चित्त मिळाले. कुमसारात काय बोलणे झाले हे कोणी सांगत नसते, पण आजोबांनी आजीला एवढे मात्र सांगितले, “फादरनी हरणाचे काहीच विचारले नाही.” हे वाक्य आजी हसत सांगायची. ते सांगताना आजोबा हसले होते की नाही, हे आम्ही तिला कधी विचारले नाही.

आता आमच्यासमोर खरा प्रश्न येतो तो हा. त्या शनिवार-रविवारी आजोबांच्या हातून चूक कोणत्या क्षणी घडली? मिस्सा चुकली त्या क्षणी?

तसे आम्हांला मुळीच वाटत नाही. विश्रामवाराच्या दिवशी बैल विहिरीत पडला तर तुमच्यापैकी कोण त्याला लगेच बाहेर काढणार नाही, असा प्रश्न प्रभू येशूने शास्त्री-परुश्यांना घातल्याचे लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आपण वाचतो. तेथे बैल आपला असतो आणि त्याला वाचवावयाचे असते. येथे जनावर कोणाचे नव्हते आणि त्याला वाचवावयाचे नव्हते, संपवावयाचे होते. तरीही आपण दिलेली वेदना अर्धवट सोडून मिस्सेला जाणाऱ्या माणसापेक्षा तिच्या मागे दिवसभर फिरणारा माणूस रविवार अधिक पाळतो, असे आमचे मत आहे. काही वाचकांना ते पटणार नाही. आमच्या थोरल्या बहिणीलाही ते पटत नाही. तिचे म्हणणे, शनिवारी रात्री बार टाकतानाच उद्या रविवार आहे हे ठाऊक होते ना? यावर आमच्याजवळ चांगले उत्तर नाही.

मग चूक बार टाकण्यात होती काय? स्पेनचे तत्त्वचिंतक होजे ओर्तेगा इ गासेत यांनी १९४२ साली शिकारीवर एक दीर्घ निबंध लिहिला, एका शिकारी सरदाराच्या ग्रंथाला प्रस्तावना म्हणून. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा की, शिकारी मारण्यासाठी शिकार करीत नाही, शिकार केली असे व्हावे म्हणून तो मारतो. आणि शिकार ही शिकार राहावयाची तर माणसाने आपले सामर्थ्य आपण होऊन कमी केले पाहिजे. जनावराला निसटण्याची संधी उरली पाहिजे. सर्व साधने वापरली तर ती शिकार नव्हे, नुसता संहार. सतराव्या कलमाच्या मागे हीच दृष्टी आहे. बॅटरी नको, मोटार नको, पाणवठा नको, कारण तेथे जनावराला संधी नाही.

हा विचार मोठा रुबाबदार आहे, परंतु त्यात एक खोट आहे असे आम्हांस वाटते. संधी द्यावयाची ती कोणाच्या समाधानासाठी? सांबराने तर हा खेळ मागितलेला नसतो. ज्या वारली कुटुंबाला मांसाची गरज आहे, त्याने जाळे लावले किंवा उजेडात डोळे दिपलेले जनावर एका घावात मारले, तर ओर्तेगांच्या दृष्टीने ती हलकी शिकार होईल. जनावराच्या दृष्टीने मात्र तीच बरी. स्तब्ध उभ्या हरणावरचा नेम चुकण्याचा संभव कमी. या हिशेबाने बॅटरी ही दयेची वस्तू ठरते! गरजेपोटी शिकार करणाऱ्याने ती न्यावी, हौसेपोटी करणाऱ्याने नेऊ नये, असा विचित्र निष्कर्ष निघतो. मग आजोबा कोण होते, गरजेचे की हौसेचे? रेल्वेचा पगार होता, घरी डुकरे होती, कोंबड्या होत्या, मरोळ-कोंडिविट्याच्या शिवारात शेती होती. मांसावाचून आमच्या घरात कोणी उपाशी नव्हते.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात पशूंविषयी जे परिच्छेद आहेत, त्यांत मनुष्याने अन्नवस्त्रासाठी पशूंचा उपयोग करणे योग्य ठरविले आहे. पण पशूंना विनाकारण वेदना देणे, त्यांना विनाकारण मारणे हे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे असेही सांगितले आहे. ‘विनाकारण’ या एका शब्दावर सारे येऊन ठेपते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात पशूंवरील क्रौर्याचा निषेध केला तो मुख्यतः यासाठी, की पशूंशी क्रूर होण्याची सवय लागलेला माणूस पुढे माणसांशीही तसाच वागतो. ख्रिस्तसभेने धर्मगुरूंना तर १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेतच शिकारीची मनाई केली होती. १९१७ च्या धर्मसंहितेत ती मनाई निराळ्या शब्दांत पुन्हा आली. धर्मगुरूंनी शिकारीत रमू नये आणि गाजावाजाची शिकार तर कधीच करू नये. गाजावाजाची म्हणजे कुत्री, माणसे, आरडाओरडा यांसह केलेली. मनोरच्या रानातला हाका या व्याख्येत तंतोतंत बसला असता. प्रापंचिकांना मात्र मोकळीक होती. इतकेच नव्हे, तर शिकाऱ्यांना त्यांचे स्वतःचे संतही मिळाले आहेत. नोव्हेंबरच्या ३ तारखेला ज्यांचा सण येतो ते संत हुबर्ट आठव्या शतकातले बिशप. तारुण्यात पवित्र शुक्रवारी शिकारीला गेले असता हरणाच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला अशी आख्यायिका आहे. हीच आख्यायिका त्याहून पूर्वी संत युस्टेस या रोमन सेनापतीविषयी सांगत. जर्मनीकडच्या एका प्रसिद्ध मद्याच्या बाटलीवर ते क्रूसधारी हरीण आजही छापलेले असते आणि आपल्या उपनगरांतल्या दुकानांतून ते रांगेने उभे दिसते. विशेष हे की, शिकार थांबविणारे ते हरीणच शिकाऱ्यांचे चिन्ह होऊन बसले!

पण आम्ही बॅटरीपाशी परत येतो. चूक कोठे घडली याचे उत्तर आम्हांला धर्मग्रंथात मिळाले नाही. ते मिळाले सेमिनरीतल्या नीतिशास्त्राच्या एका जुन्या उदाहरणात. संशयाच्या अवस्थेत कृती करावी की नाही, हे समजावून देताना जुने नीतिशास्त्रकार नेहमी एक शिकारी उभा करीत. झुडपात काहीतरी हलते आहे. ते हरीण असेल, कदाचित माणूस असेल. शिकाऱ्याने बार टाकावा काय? नाही. हरीण असण्याचा संभव कितीही अधिक असला तरी नाही. संशय फिटेपर्यंत बोट घोड्यावर जाता कामा नये. नंतर ते हरीणच निघाले तरीही बार टाकणारा दोषी ठरतो, कारण जे आपण काय आहे हे जाणत नव्हतो ते मारावयास तो तयार झाला होता.

बॅटरीच्या उजेडात काय दिसते, हे ज्यांनी रात्री रानात बॅटरी टाकली आहे त्यांना ठाऊक असेल. दोन डोळे दिसतात. बाकीचे शरीर दिसत नाही. नर की मादी, म्हातारे की पोटात पाडस असलेले, मागे आणखी कोण उभे आहे, काहीच कळत नाही. बॅटरी उजेड देते असे आपण म्हणतो. खरे तर जे जाणले पाहिजे ते सर्व ती अंधारात ठेवते आणि नेम धरावयास पुरेल एवढेच दाखविते. जनावराला निसटण्याची संधी न देणे हा तिचा दोष आम्ही गौण मानतो. शिकाऱ्याला तिने जाणून घेण्याची संधी ठेवली नाही, हा मोठा. आजोबांनी ओर्तेगा वाचले नव्हते. ते रेल्वेचे तिकीटबाबू होते. पण त्यांनी बंदुकीवर काट मारली नाही, बॅटरीवर मारली. पुढे सात वर्षे ते शिकारीला जात राहिले, दिवसाउजेडी. कायदा येण्याच्या आधीच त्यांच्या गुडघ्यांनी ती बंद पाडली.

म्हणून आम्ही असे म्हणतो की चूक शुक्रवारी रात्री मरोळच्या घरात, ट्रंक भरताना झाली. बॅटरीपुढे बारीक खूण झाली तेव्हा. ओढ्याकाठी दोन डोळे चमकल्यावर निर्णय घेण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते. आपण बरोबर काय घेतो यावर आपण पुढे काय करू शकू हे ठरते, आणि बऱ्याचदा आपण काय केल्यावाचून राहणार नाही हेही ठरते. प्रभू येशूने बारा शिष्यांना गावोगाव धाडले तेव्हाची सूचना आपण मार्कच्या शुभवर्तमानात वाचतो. ती जवळजवळ सगळी ‘काय घेऊ नये’ याचीच आहे. भाकर नको, झोळी नको, कमरकशात पैसे नकोत, दोन अंगरखे नकोत. काठी आणि पायतण चालेल. मत्तयच्या वृत्तान्तात तर काठीलाही मनाई आहे. ज्याच्या झोळीत सर्व आहे त्याला कोणाच्या दारी जावे लागत नाही, म्हणून ती झोळी रिकामी ठेवलेली असावी, असा अर्थ आम्ही करतो. लूककडे मात्र, शेवटच्या भोजनानंतर, हीच आज्ञा फिरवलेली दिसते. आता झोळी घ्या, तलवार नसेल तर अंगरखा विकून ती घ्या. त्या वचनाचा अर्थ लावताना मोठमोठे भाष्यकार अडखळले आहेत, आम्ही त्या वाटेला जात नाही.

जुन्या करारातही शिकारीच्या सामानाची एक यादी आहे, अगदी छोटी. दृष्टी गेलेला इसहाक थोरल्या मुलाला, एसावाला सांगतो, भाता घे, धनुष्य घे, रानात जाऊन माझ्यासाठी शिकार आण आणि मला आवडते तसे रुचकर अन्न कर. पुढची कथा आपण सर्व जाणतो. आशीर्वादाची चोरी, याकोबाच्या हातांवर बांधलेली करडांची कातडी. प्रवचनांत भर त्या कपटावर असतो. पण त्यात स्वयंपाकघरातली एक गोष्ट आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही. रिबेकेने कळपातली दोन करडे घेतली आणि ती अशी रांधली की जन्मभर हरणाचे मांस आवडीने खाल्लेल्या म्हाताऱ्याला फरक कळला नाही! म्हणजे एसावाच्या भात्याची आणि धनुष्याची त्या जेवणासाठी मुळी गरजच नव्हती. ज्या चवीसाठी तो रानोमाळ भटकत होता ती चव आईच्या मसाल्यात होती.

आमच्या आजीने हा अध्याय वाचला होता की नाही, कोण जाणे. शिकार सुटल्यावर नाताळाच्या सुमारास ती बकऱ्याचे मटण बाटली मसाला घालून, मंद विस्तवावर, सांबराचे करायची त्याच रीतीने करीत असे. आजोबांना मोतीबिंदू झाला होता, पण जिभेला काही झाले नव्हते. पहिला घास घेऊन ते म्हणत, “बकरा आहे.” मग सगळे संपवीत आणि वर रस्सा मागून घेत.

अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात आमचा एक भाचा असतो. तेथे नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि त्याच्या कार्यालयातले निम्मे लोक रजेवर जातात. दोन वर्षांपूर्वी तोही परवाना काढून मित्रांबरोबर गेला. जाण्याआधी त्याने पलंगावर पसरलेल्या सामानाचे छायाचित्र आम्हांला पाठविले. रायफल होती, झगझगीत नारिंगी जाकीट आणि टोपी होती, दुसऱ्या शिकाऱ्याने हरीण समजून आपल्यालाच गोळी घालू नये म्हणून. नीतिशास्त्रातला तो झुडपापुढचा शिकारी तेथे कायद्यातच येऊन बसला आहे! शिवाय होकायंत्र, कपाळावर बांधायची बॅटरी, ओढत आणण्याचा दोर, सुरी, हातमोजे, अंगाचा वास मारणारा फवारा आणि मादीच्या मूत्राची एक बाटली, नराला भुलविण्यासाठी. त्या देशात काही राज्ये आमिष घालू देतात, काही देत नाहीत. भाच्याचे म्हणणे असे की, लांडगे बव्हंशी गेले, हरणे बेसुमार वाढली, ती रस्त्यावर गाड्यांखाली येतात, शेते खातात, कोणीतरी त्यांची संख्या आटोक्यात ठेवलीच पाहिजे. यात तथ्य आहे. तेथे ‘विनाकारण’ या शब्दाचे माप निराळे पडते. आपल्याकडे ते काम बिबट्या करतो, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरांत आणि कधी कधी त्याबाहेरही. २००४ साली उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत त्याने अनेक माणसांचे बळी घेतले, ते मुलुंड-भांडुपकडचे लोक अजून विसरलेले नाहीत. शिकारी जनावर शेजारी राहू देण्याची किंमत असते आणि ती बहुधा झोपडीत राहणाऱ्याने मोजलेली असते. हेही म्हटले पाहिजे.

तसे तर आजोबांच्या वहीतही एक गोष्ट आम्हांस टोचते. ‘तंबाखू, माणसांसाठी’. कोण माणसे? हाक्याला सहा असत, कधी आठ. माग त्यांनी काढावयाचा, जाळीत त्यांनी शिरावयाचे, रानडुक्कर उलटले तर त्यांच्यावर. सोबत्यांची नावे वहीत आहेत, काडतुसांचे नंबर आहेत. त्या माणसांपैकी एकाचेही नाव दहा वर्षांच्या याद्यांत आलेले नाही. रविवारभर आजोबांबरोबर रक्ताच्या मागावर चालला आणि ज्याला ती सांबरी मिळाली, त्याचेही नाही. बॅटरीवर काट मारणाऱ्या माणसाला हे सुचले नाही, आणि तो प्रश्न घरात कोणी विचारलाही नाही.

आता बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे आणि आपण सुटलो असे आपल्याला वाटते. चिमणीवर छऱ्याची बंदूक चालवून, ती कोणती हे विचारायला गेलेला मुंबईचा मुलगा पुढे डॉ. सलीम अली झाला. कुमाऊंचे जिम कॉर्बेट यांनी उतारवयात रायफलीपेक्षा कॅमेरा अधिक मानला. हे सर्व खरे. पण पावसाळ्यात आरेच्या रानात रात्री फिरायला जाणाऱ्या तरुणांचे सामान एकदा पाहावे. हातातल्या दिव्याचा झोत आजोबांच्या पाच सेलांच्या दसपट असतो. तो घुबडाच्या डोळ्यांत रोखून धरतात, छायाचित्र चांगले यावे म्हणून. पक्षी जवळ यावा म्हणून त्याच्याच जातीचा आवाज मोबाइलवर वाजवितात. कोठे कोठे तर जिवंत उंदीर दोऱ्याला बांधून ठेवतात असेही ऐकतो. कोणी मरत नाही, हा मोठाच फरक आहे आणि तो आम्ही लहान लेखीत नाही. उजेडात दिसतात ते मात्र पुन्हा दोनच डोळे.

आमचा धाकटा मुलगा या मंडळींबरोबर जातो. गेल्या जूनमध्ये तो सामान भरत असताना आम्ही ती वही त्याच्यापुढे ठेवली. उपदेश केला नाही, केला असता तर त्याने वही मिटून ठेवली असती. त्याने सर्व याद्या वाचल्या. बॅटरीवरची काट पाहिली, हकिकत ऐकली, आणि दिवा बॅगेत घातला. पायाखाली घोणस असते, दिव्यावाचून जाता येत नाही, हे त्याचे म्हणणे रास्तच होते. त्यावर लाल कागद मात्र त्याने लावून घेतला, तो आधीपासून लावीत असे की त्या दिवशी लावला, ते आम्ही विचारले नाही.

त्याने वेगळेच विचारले. “मीठ दोन शेर कशाला? पाच शेर तांदळाला इतके मीठ लागते का?”

आम्ही म्हटले, मांस खारवून आणण्यासाठी असेल. मनोरहून मरोळपर्यंत ते टिकले पाहिजे. “असेल,” तो म्हणाला. “नाहीतर ओढ्याकाठी टाकण्यासाठी असेल. हरणे चाटायला येतात ना?”

आम्ही पुन्हा वही उघडली. मीठ प्रत्येक यादीत आहे, १९६१ च्या आधीही आणि नंतरही, दोन शेर, पुढे बारीक खूण. थोरल्या बहिणीला फोन करून विचारले. तिला आठवत नाही. आजोबांच्या दोघा सोबत्यांपैकी एकजण सहारच्या दफनभूमीत आहेत, दुसऱ्यांचे कुटुंब वसईकडे गेले, तेही आता हयात नाहीत. आजी असती तर तिला ठाऊक असते. मांस तिच्याच स्वयंपाकघरात येत असे, खारवलेले की कसे, हे तिने पाहताक्षणी सांगितले असते.